मुळी उपटणाऱ्याचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुनी हालचाल आहे. एक माणूस चालता चालता थांबतो, डावा गुडघा जमिनीला टेकवतो, उजव्या हाताने मातीतली मुळी उपटतो, पाठीवरच्या पिशवीत टाकतो आणि मांडीवर हात रोवून उठतो. एवढीच मी. तुमच्यापैकी जे व्हिडिओ गेम खेळतात त्यांनी मला पाहिले असेल आणि बहुतेकांनी शिव्याही दिल्या असतील. शिव्यांबद्दल माझी तक्रार नाही. मी कोणाची आहे आणि माझ्यामुळे त्याचे काय झाले, तेवढे सांगते.

माझा जन्म एका उंच छताच्या हॉलमध्ये झाला. भिंती काळ्या रंगवलेल्या, वर चारी बाजूंनी कॅमेरे आणि आवाजासाठी माईक. गेममधल्या माणसांच्या हालचाली अशा ठिकाणी खऱ्या माणसांकडून करून घेतात. माणसाला अंगाला घट्ट बसणारा काळा पोशाख घालतात, सांध्यांवर पांढरे गोळे चिकटवतात, चेहऱ्यावर ठिपके काढतात. कॅमेरे फक्त गोळे आणि ठिपके टिपतात. त्यांच्यामागे कोण आहे याच्याशी कॅमेऱ्यांना कर्तव्य नसते.

माझ्या वेळी त्यांच्यामागे एक स्टंटमन होता. तरुणपणी तो गच्चीवरून उडी टाकायचा आणि हसत उभा राहायचा, म्हणून धंद्यातले लोक त्याला 'स्प्रिंग' म्हणत. मी जन्मले तेव्हा स्प्रिंग गंजली होती. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरायचा. त्याने पोशाखाच्या आत क्रेप बँडेज गुंडाळले होते आणि ते कोणाला दिसू नये म्हणून सगळ्यांच्या आधी येऊन, कपडे बदलून बसला होता. गेमच्या दिग्दर्शकाने त्याला शब्द दिला होता, "काका, हा गेम चालला तर दुसऱ्या भागातलं सगळं अंगमेहनतीचं काम तुमचं." त्याला तेच हवे होते. तो लेकीच्या घरी राहायचा, दोन वेळा ताट समोर यायचे, कोणी वाकडा शब्द बोलत नसे. पण सकाळी सगळे आपापल्या कामाला निघाले की लेक दारातून विचारायची, "बाबा, आज काय करणार?" या प्रश्नाला त्याला उत्तर हवे होते. दुसरा भाग म्हणजे ते उत्तर.

मुळी म्हणून फरशीवर थर्माकोलचा एक तुकडा ठेवला होता.

"काका, खोटं वाटतंय," दिग्दर्शक म्हणाला. "मुळी उपटताय तुम्ही. पडलेला रुमाल उचलल्यासारखं नको."

स्प्रिंग पुन्हा वाकला.

"आता जोर फार झाला. झाड नाहीये ते. आपल्याला खरं पाहिजे, काका. खेळणाऱ्याला मातीचा वास आला पाहिजे."

स्प्रिंग पुन्हा वाकला. मग आणखी एकदा. मग त्याने विचारले, "साहेब, ही जमीन दरवेळी वीतभर खाली चाललीय का हो?"

सगळे हसले.

"जमीन जागच्या जागी आहे, काका. तुम्हीच वर चाललाय," दिग्दर्शक म्हणाला, आणि सगळे आणखी हसले. स्प्रिंगही हसला. हसणे त्याच्या कामात धरलेले होते.

जेवणाची वेळ टळून गेली तरी वाकणे चालूच होते. अखेर एकदा उठताना त्याचा गुडघा अर्ध्यावर अडकला. चेहरा आवळला गेला, तोंडातून दाबलेला 'हं' निघाला, हाताची बोटे मांडीत रुतली. क्षणभर तो खालीही नव्हता आणि वरही नव्हता. मग कसाबसा उभा राहिला.

"हेच!" दिग्दर्शक खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागला. "हेच पाहिजे होतं मला! काका, कसं काय जमवलंत?"

मित्रांनो, स्टंटच्या धंद्यात एक रीत आहे. पडलेल्या माणसाने आधी अंगठा वर करून दाखवायचा, हाडे नंतर चाचपायची. दुखले असे जो म्हणतो, त्याला पुन्हा बोलावणे येत नाही. स्प्रिंगने अंगठा वर केला.

"अभिनय, साहेब," तो म्हणाला.

अशी मी जन्मले.

मला न्हाऊ-माखू घालून मोठे केले ते एका अ‍ॅनिमेटर मुलीने. रेकॉर्डिंगमध्ये हात थरथरतो, पाय फरशीत घुसल्यासारखे दिसतात. ते सगळे ती पडद्यावर नीट करायची. एकच प्रसंग शंभर वेळा पाहणाऱ्याच्या नजरेतून काही सुटत नाही. पुढच्या रेकॉर्डिंगला स्प्रिंग आला तेव्हा तिने त्याला पाण्याच्या पिंपाजवळ गाठले.

"काका, ते खरं दुखलं होतं ना?"

"हळू बोल."

"मी सांगते साहेबांना. तो भाग काढून आधीचा एखादा घेऊ."

"पोरी, तू मला मदत करतेयस की माझ्या पोटावर पाय देतेयस?" स्प्रिंग म्हणाला. "तो भाग आवडलाय त्यांना. राहू दे."

तिने राहू दिला. नुसता राहू दिला नाही, तर दुखणे उठून दिसावे म्हणून कपाळावरच्या आठ्या थोड्या खोल केल्या. तिचे काम चोख होते.

गेम बाजारात आला आणि पहिले काही दिवस माझे फार कौतुक झाले. गेमविषयी लिहिणाऱ्यांनी मला अस्सल म्हटले. लोक वस्तू नको असतानाही मला पाहण्यासाठी मुळ्या उपटत. स्प्रिंगने माझ्याबद्दलचे एक कात्रण लेकीच्या फ्रिजवर लावले. त्यात त्याचे नाव नव्हते. नायकाच्या गुडघ्याचे मात्र दोन ओळी वर्णन होते.

मग लोकांना पुढे जायचे होते. गेममध्ये औषधे बनवायला मुळ्या लागत, आणि मुळ्या पावलोपावली उगवलेल्या होत्या. प्रत्येक मुळीला मी. मागे अस्वल लागलेले असो की घर जळत असो, नायक थांबणार, गुडघा टेकणार, कळ सोसून उठणार. पहिल्या वेळी जे खरे वाटते ते हजाराव्या वेळी वैताग आणते. लोकांची तक्रार खोटी नव्हती, हे मी कबूल करते. त्यांची भाषा मात्र खास होती. "हे म्हातारं उठेपर्यंत माझं जेवण होऊन ताट धुऊन झालं," असे एकाने लिहिले. "याला आधी स्मशानात पोचवा, मुळ्या आम्ही आणतो," असे दुसऱ्याने लिहिले आणि त्यावर हसणाऱ्यांची रांग लागली. माझ्या त्या 'हं'ला गाढवाचे ओरडणे जोडून कोणीतरी व्हिडिओ काढला. मूळ गेमपेक्षा तो जास्त लोकांनी पाहिला.

कंपनीत बैठक झाली. ज्या दिग्दर्शकाला मातीचा वास हवा होता, तोच टेबलावर बोटे वाजवत म्हणाला, "खेळणाऱ्याचा वेळ सगळ्यात महत्त्वाचा. मी पहिल्यापासून सांगत होतो." कोणी त्याला आठवण करून दिली नाही. नवा अपडेट आला. आता बटण दाबले की मुळी मातीतून सुटून थेट पिशवीत जाई. नायक धावता धावता रान साफ करू लागला आणि मी अडगळीत पडले.

अडगळीतून मला बाहेर काढले ते एका वेगळ्याच अडचणीने. आपोआप भरणाऱ्या पिशव्या बघता बघता तुडुंब भरू लागल्या. लोक गेममधल्या बाजारात येऊन नको त्या वस्तू ओतू लागले. चौकात मुळ्या, फुटकी भांडी आणि गंजके खिळे यांचे ढीग साचले आणि गेम अडखळू लागला. ढीग उचलायला कोणीतरी हवे होते.

"चौकात तो एक हमाल उभा असतो ना, त्याला लावा कामाला," दिग्दर्शक म्हणाला. "आणि काकांचं ते वाकणं पडूनच आहे. द्या त्याला. फुकट कशाला घालवायचं?"

अशी मी नायकाच्या अंगावरून उतरून हमालाच्या अंगावर चढले. त्याच्यापुढे काहीही टाका, तो गुडघा टेकणार, उचलणार, पोत्यात भरणार, कण्हत उठणार. लोकांना लवकरच एक शोध लागला. हमाल अर्धा उठलेला असताना दुसरी वस्तू टाकली, की तो तिथूनच पुन्हा खाली जातो. मग तिसरी टाकायची. न थांबता टाकत राहिले की तो उभाच राहू शकत नाही. नुसता अर्ध्यावर कण्हत हेलकावे खातो. हमालाला कोण जास्त वेळ खाली ठेवतो, याच्या पैजा लागू लागल्या.

अ‍ॅनिमेटर मुलगी दिग्दर्शकाकडे गेली. "सर, तो पूर्ण उभा राहिल्याशिवाय दुसरी वस्तू उचलणार नाही, एवढं करू का? अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"का? बिघडलंय काही?"

"बरं नाही दिसत ते."

"अगं, पहिल्यांदाच लोकांना ते वाकणं आवडलंय," तो म्हणाला. "हात लावू नकोस."

दुसऱ्या भागाची घोषणा झाली तेव्हा स्प्रिंग फोनची वाट पाहू लागला. फोन आला नाही. मग तो इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच कंपनीत गेला. दिग्दर्शकाने त्याला काचेच्या केबिनमध्ये बसवले, चहा मागवला.

"काका, दुसऱ्या भागात तुम्ही आहातच! हमाल आहे ना. लोक वेडे झालेत त्याच्यापायी."

"मग रेकॉर्डिंगला कधी येऊ?"

"कशाला येताय? तुमचं वाकणं आहे की आमच्याकडे. कायमचं." तो हसला. "तुमच्या जागी तुम्हीच! आता आराम करा."

स्प्रिंगने कप खाली ठेवला. "साहेब, मी अजून वाकतो. नवीन करून देतो, याच्याहून चांगलं. हे बघा." तो उठला आणि केबिनमधल्या गालिच्यावर त्याने डावा गुडघा टेकवला. खाली तो सफाईने गेला. वर येताना अडकला. चेहरा आवळला गेला, 'हं' निघाला, बोटे मांडीत रुतली. काचेपलीकडची माणसे कामे सोडून पाहू लागली.

"वा!" दिग्दर्शक त्यांच्याकडे वळून म्हणाला. "बघा रे, हुबेहूब! काडीचा फरक नाही!"

बाहेर कोणीतरी टाळ्या वाजवल्या. स्प्रिंग अजून उठला नव्हता. अ‍ॅनिमेटर मुलगी आत आली, तिने त्याच्या बगलेत हात घालून त्याला उभे केले. उभा राहिल्यावर त्याने सवयीने अंगठा वर केला.

तो घरी पोचला तेव्हा नात कानाला हेडफोन लावून सोफ्यावर गेम खेळत होती. शाळेतल्या मैत्रिणीही आपापल्या घरून गेममधल्या त्याच बाजारात उभ्या होत्या.

"आजोबा, या ना, गंमत बघा! हा रडका हमाल. आता बघा हं." तिने एक खिळा टाकला, मग दुसरा. पडद्यावर हमाल खाली गेला, अर्धा उठला, पुन्हा खाली गेला.

स्प्रिंगने पडद्याकडे बोट केले. मग म्हणाला, "तो मी आहे."

"काहीही हं, आजोबा!"

"खरंच. माझ्याकडून करून घेतलंय ते."

नातीने पडद्याकडे पाहिले, आजोबांकडे पाहिले आणि किंचाळली, "अगं बाई, खरंच! जिना चढताना तुम्ही अस्संच तोंड करता!" तिने हेडफोनमध्ये ओरडून सगळ्यांना सांगितले, "ए, हा हमाल म्हणजे माझे आजोबा आहेत! खरे आजोबा! या सगळ्या, लवकर!" तिचा अभिमान खरा होता. मैत्रिणी धावत आल्या, त्यांनी माझ्याभोवती कडे केले, आणि वस्तूंचा पाऊस पडू लागला.

मध्येच नात थांबली. "आजोबा, एक मैत्रीण विचारतेय, तुम्हाला तेव्हा खरंच दुखलं होतं का?"

स्प्रिंगने तिच्याकडे पाहिले. ती त्याच्याशी इतका वेळ कधी बोलत नसे, आणि आज तिने त्याला बसायला शेजारी जागाही करून दिली होती.

"नाही गं," तो म्हणाला. "खेळा तुम्ही."

"नाही दुखलं!" तिने कळवले, आणि एक फुटका घडा माझ्यापुढे टाकला.

मित्रांनो, प्रत्येक मुळीसाठी मला सोसत बसा, असे मी म्हणणार नाही. तुमचा वेळ तुमचा आहे. वस्तू आपोआप पिशवीत याव्यात, हेही ठीक. पण एका जागचे वाकणे टळले की ते दुसऱ्या कोणाच्या तरी गुडघ्यावर जाते, हे मी दोन्ही जागी राहून पाहिले आहे. तो कोणीतरी तुम्हाला विचारल्यावर दुखत नाही असेच सांगेल. त्याच्या उत्तरावर जाऊ नका. त्याच्या उठण्याकडे पाहा. पिशवी जड झाली असेल तर टाका खुशाल. फक्त आधी त्याला पूर्ण उभे राहू द्या.