बैठकीखालचा स्क्रू

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत, साहेबांच्या टेबलासमोर माझी जागा. नोकरीसाठी आलेली कितीतरी मुलं माझ्यावर बसली आणि उठून गेली. एक मुलगी मात्र अजून उठलेली नाही, असंच मला वाटत राहतं.

मित्रांनो, सुताराने मला चांगली भक्कम घडवली होती. पण मुलाखतीच्या सकाळी साहेब माझ्या बैठकीखालचा एक स्क्रू मुद्दाम सैल करत. मग मी डुगडुगू लागे. उमेदवाराने ते बोलून दाखवलं, तर त्याचं निम्मं काम झालंच म्हणायचं. बहुतेक जण मात्र जीव मुठीत धरून तसेच बसून राहत. मला त्याची गंमत वाटे, खोटं कशाला बोलू?

एकदा दिवसाच्या शेवटी ती मुलगी आली. दाराशी तिची आई हळूच म्हणाली, "विचारतील तेवढंच बोल. उगाच शहाणपणा नको."

साहेब अर्ज वाचू लागले. तेवढ्यात तिची बोटं माझ्याखाली गेली. त्या बोटांनी स्क्रू शोधला आणि घराच्या किल्लीच्या टोकाने गुपचूप आवळला. मी स्थिर झाले. इतके जाणते हात मला सुतारानंतर कुणाचेच लागले नव्हते.

"अनुभव?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही, सर."

"आणखी काही सांगायचंय?"

"नाही, सर."

माझा जीव तुटत होता, पण लाकडाला कुठली वाचा? नापसंत उमेदवाराचा अर्ज परत द्यायची इथली पद्धत होती. साहेबांनी तो दिला. ती गेली.

नंतर स्क्रू पुन्हा आवळायला साहेब वाकले आणि तसेच थबकले. मग धावत फाटकापर्यंत गेले. रस्त्यावर कुणीच नव्हतं. तिचं नाव आठवेना, आणि पत्ता तर त्या अर्जावरच होता.

तेव्हापासून ते स्क्रूला हात लावत नाहीत. बाहेर पाऊल वाजलं की दाराकडे बघतात. खोली रिकामी असली तरी मला ती बोटं जाणवतात, आणि ती पुन्हा कधी येणारच नाही अशी फार भीती वाटते.

मित्रांनो, तुम्हीही कधीतरी माझ्यासारख्या खुर्चीवर बसाल. अनुभवाचा कागद नसेल, तर नसू दे. घरातला नळ, शेजाऱ्यांचा पंखा, जे काही तुमच्या हातांनी नीट केलं असेल, ते सांगा. त्याला शहाणपणा मिरवणं म्हणत नाहीत. आणि पोरी, हे तुझ्या कानावर आलंच तर ये. ती जागा साहेबांनी अजून भरलेली नाही.