घरी आल्यावर दिसेल

"पाच बटणं. एवढ्याशा घड्याळाला पाच बटणं. सदऱ्यालासुद्धा इतकी नसतात," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

सदऱ्याला सात असतात. तीस वर्षं घरात शिवणाचं मशीन चालवतेय, मला नाही ठाऊक तर कुणाला. पण बोलले नाही. हल्ली ह्यांची चूक काढणं मी सोडून दिलं होतं. जन्मभर शब्दाला शब्द लावणारी बायको अचानक प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणायला लागली, तर कुठल्याही नवऱ्याला संशय येणारच. ह्यांनाही आला असावा. तेही बोलले नाहीत. आमच्या घरात त्या दिवसांत न बोलण्याची चढाओढच लागली होती.

लेक काउंटरवर पुढे वाकून उभी होती. दुकानदार चाळिशीचा, गुडघ्याला पट्टी बांधलेला. स्वतः पळणारा असावा, कारण घड्याळाबद्दल बोलताना तो उपवर मुलीच्या बापासारखा गुण सांगत होता आणि दोष शेवटी. त्याने विचारलं, घड्याळ पळण्यासाठी हवंय, सायकलसाठी की पोहण्यासाठी? लेक म्हणाली, तिन्ही. आणि परवडेल असं.

त्याचे डोळेच चमकले. साठीच्या घरातलं गिऱ्हाईक तिन्ही करतं म्हटल्यावर त्याने ह्यांच्याकडे नीट पाहिलं. रुंद खांदे, क्लोरीनने पांढुरक्या झालेल्या भुवया. "मास्तर ना तुम्ही? तलावावरचे? माझ्या धाकट्या भावाला तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. ह्यांनी मान डोलावली. भाऊ आठवला की नाही, देव जाणे. अर्ध्या गावाला ह्यांनी पोहायला शिकवलंय, त्यामुळे कुणी न आठवणं खपून जायचं. ती आमची मोठीच सोय होती.

मग त्याने तीन घड्याळं मांडली. पहिलं महागडं, त्यात नकाशे आणि गाणी. ते आम्ही हातानेच मागे सारलं. दुसऱ्याचा पडदा रंगीत, पण चार्जिंग दोन दिवसांत संपतं. तिसरं साधं, काळ्या रबरी पट्ट्याचं. पाण्यात खोलवर चालतं, तलावाच्या फेऱ्या स्वतःच मोजतं, आठवडाभर चार्जिंगला लावावं लागत नाही. आकाशातल्या उपग्रहांवरून कुठे गेलात त्याची रेघ आखून ठेवतं. त्याने विचारलं, पळताना फोन जवळ असतो का? लेक घाईने नाही म्हणाली. सहा महिन्यांत तीन फोन गेले होते, पण ते तिने सांगितलं नाही.

"मग हेच घ्या. ह्याला फोन जवळ लागतच नाही. घरी आल्यावर सगळं फोनवर दिसेल."

घरी आल्यावर. मला स्वच्छ ऐकू आलं. लेकीलाही आलं असणार. पुढचा प्रश्न माझ्या जिभेच्या टोकावर होता, की बाबा रे, घरी आलेच नाहीत तर? पण हे शेजारीच उभे होते, मनगटावर पट्टा लावून बघत होते. मी तो प्रश्न गिळला आणि पिशवीतून पैसे काढले.

आमच्या घरात त्याला 'उशीर' म्हणत. पहिल्यांदा ह्यांना उशीर झाला तेव्हा दूधवाल्याने आणून सोडलं. दुसऱ्यांदा ते तीन गल्ल्या पलीकडे, दुसऱ्याच कुणाच्या फाटकाची कडी काढायची खटपट करताना सापडले. लेक फोनवर विचारायची, "बाबांना आज उशीर नाही ना झाला?" मी म्हणायची, "नाही गं, अगदी वेळेवर." जणू काय माणूस आगगाडी आहे.

नोकरीवरूनही असंच गोड बोलून घरी बसवलं होतं. ह्यांची पद्धत ठरलेली. पाण्यात उतरणारी डोकी मोजायची, वर आलेली मोजायची, आकडा जुळला की मगच शिट्टी. बत्तीस वर्षांत आकडा चुकला नव्हता. आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी अठरा पोरं उतरली, सतरा वर आली आणि ह्यांनी शिट्टी वाजवली. अठरावा कपडे बदलायच्या खोलीत चप्पल हरवली म्हणून रडत बसला होता, म्हणून निभावलं. साहेबांनी हार घालून 'विश्रांती' दिली. तेव्हापासून हे रोज तिकीट काढून, गिऱ्हाईक म्हणून तिथेच पोहायला जात.

डॉक्टरांनी ह्यांना कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. बाराच्या बारा आकडे एका बाजूला दाटीवाटीने बसले होते, उथळ टोकाला धीट नसलेली पोरं बसतात तसे. आजाराचं नाव डॉक्टरांनी मला आणि लेकीला बाहेर व्हरांड्यात सांगितलं. ह्यांना आम्ही सांगितलं की जीवनसत्त्व कमी पडतंय. फाइल मी कपाटात अस्तराच्या कापडाखाली दडवली.

आणि एक काम केलं. ह्यांच्या प्रत्येक कपड्याला आतून, पोहायच्या चड्डीच्या कमरपट्टीलासुद्धा, लाल दोऱ्याने साखळी टाक्यात माझा फोन नंबर भरला. हे काय, म्हणून विचारलं तर म्हटलं, लाँड्रीत कपडे बदलतात हो. आमच्या घरचा एक रुमाल कधी लाँड्रीत गेलेला नाही. हे "बरं" म्हणाले.

घड्याळ आलं आणि मला जरा झोप लागायला लागली. लेकीने त्याच्या एका बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. निघताना हे दाबायचं, परत आल्यावर पुन्हा हेच. हे सहाला सायकलवर निघत, मैदानाला दोन फेऱ्या पळत, तलावावर पोहत आणि साडेआठला दारात. थोड्या वेळाने माझ्या फोनवर आणि लेकीच्या फोनवर नारिंगी रेघ उमटायची. घर, मैदान, तलाव, घर. बाळाचा पाळणा हलतोय का ते बघावं तशी मी ती रेघ बघायची. ती हे आल्यानंतरच का उमटते, असा विचार एकदा मनात आला. म्हटलं, स्वस्तातलं आहे, पोचायला वेळ लागत असेल बिचाऱ्याला. माझ्या अकलेची झेप तेवढीच.

बाराव्या दिवशी साडेआठ वाजले, नऊ वाजले, साडेनऊ झाले. मी फोन उघडला. कालची रेघ होती. बंद करून उघडला, पुन्हा कालचीच. लेकीला लावला, तर तिच्याकडेही तीच. तिने दुकानदाराला विचारलं आणि पाच मिनिटांनी मला परत फोन केला. तो म्हणाला होता, ताई, हे घड्याळ माणूस कुठे गेला होता ते सांगतं, आत्ता कुठे आहे ते नाही सांगत. तसलं वेगळं मिळतं, त्यात सिमकार्ड असतं. तुम्ही पळणं-पोहणं म्हणालात, म्हणून मी हे दिलं.

त्याच्यावर चिडायलाही जागा नव्हती. त्याने जे विचारलं त्याचं खोटं उत्तर आम्हीच दिलं होतं.

लेकीने मला स्कूटरवर घेतलं आणि आम्ही तलाव गाठला. सायकल फाटकाशी कुलूप लावून उभी होती. तिथे आता मासोळी शिकवते. तिचं खरं नाव वेगळं आहे, मासोळी हे ह्यांनीच ठेवलं आणि ह्यांनीच तिला तयार केलं. तिने ह्यांचा कप्पा उघडला. शर्ट, पँट, मोजे, बूट. बुटात मोजे नीट खोचलेले. मग तिने फाटकावरची वही घेतली, बाहेर गेलेल्यांच्या तिकिटांचे अर्धे तुकडे मोजले, पाण्यातली डोकी मोजली. पुन्हा मोजली. सकाळपासून एकाहत्तर आत आले होते. गेलेले आणि असलेले मिळून सत्तर होत होते.

तिने शिट्टी वाजवली आणि सगळ्यांना वर काढलं. ओली माणसं कठड्याला टेकून उभी राहिली. लहान पोरांना आयांनी टॉवेलात गुंडाळून तोंडं फिरवली. मासोळीने खोल टोकाला सूर मारला. ऊन पाण्यावर नाचत होतं, त्यामुळे तळ दिसत नव्हता. ती वर आली, श्वास घेतला, पुन्हा खाली गेली. मी चपला घालून काठावर उभी होते. तिथे चपला चालत नाहीत, हे मला त्याही वेळी आठवलं आणि मी त्या काढून हातात धरल्या. तिसऱ्या बुडीनंतर ती कठड्याला धरून थांबली आणि माझ्याकडे बघून तिने मान हलवली. नाहीत. मला हायसं वाटलं, आणि वाटलं त्याची लाजही वाटली. तळाशी नाहीत, एवढंच तर कळलं होतं.

पंपाच्या खोलीमागचं दार उघडं होतं. माणूस ओल्या चड्डीवर, अनवाणी, तिथून बाहेर पडला होता.

लेक म्हणाली, तू घरी थांब, ते आले तर दारात कुणीतरी हवं. मला सोडून ती गल्ल्या पालथ्या घालायला गेली. मी अकरापासून घरात होते. बसायचं कुठे, तर जन्माची सवय, मशीनच्या स्टुलावर बसले, रस्त्याकडे पाठ करून. फोन हातात घेऊन त्या रेघेवर बोट घाशीत राहिले.

दोन वाजता फोन वाजला. नंबर अनोळखी होता. बस धुतात त्या डेपोतून एक झाडूवाली बोलत होती. "तुमचं माणूस हितं बसलंय. पायाला फोड आलेत. चड्डीतला नंबर वाचून लावला." तिने कुठल्याशा ड्रायव्हरचा शर्ट ह्यांच्या अंगावर घातला होता. आम्ही गेलो तेव्हा हे बाकावर ताठ बसून धुऊन निघणाऱ्या बसगाड्या मोजत होते. मला बघून म्हणाले, "उशीर झाला का गं?" मी म्हटलं, थोडासा.

घरी आणलं, पाय कोमट पाण्यात ठेवले. लेकीने लाल ठिपक्याचं बटण दाबलं. थोड्या वेळाने माझा फोन आनंदाने टुणटुणला. पडद्यावर सोनेरी पदक आलं आणि खाली लिहिलं होतं, 'शाब्बास! आजवरचं सर्वांत मोठं अंतर!' लेक ते बघून हसली आणि हसता हसता तोंडावर ओढणी धरून मोरीत गेली.

रेघ उमटली. रोजची सुतासारखी सरळ रेघ नव्हती ती. दोऱ्याचं रीळ मांजराने खेळून टाकावं तशी. त्या रेघेवर बोट सरकवलं की वेळ दिसते. मी सरकवत गेले. बाजार, शाळेची भिंत, पुन्हा बाजार. मग आमची गल्ली. अकरा चाळीसला आमच्या दारावरून ती रेघ गेली होती. बारा वाजून दहा मिनिटांनी पुन्हा गेली, उलट दिशेने. दारापासून चार हातांवरून. तेव्हा मी आत होते, पाठ करून.

फोन उलटा ठेवायला गेले तर हे मागून बघत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे केला आणि ओलं बोट त्या रेघेवर ठेवून आमच्या दारापर्यंत आणलं. मग दार ओलांडून पुढे नेलं. मी वाढायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी लेकीने घड्याळ बदलून घ्यायला चलायचं ठरवलं. पंधरा दिवसांच्या आत चालतं म्हणाला होता. ह्यांना घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून पायांना पट्ट्या बांधून, माझ्या दिराच्या ढगळ चपला घालून तेही आले. दुकानदाराने पट्ट्यांकडे पाहिलं, पण शहाणा होता, विचारलं नाही. घड्याळ फिरवून बघत तो म्हणाला, बदलून देतो, पण ह्या वेळी नक्की काय हवंय ते सांगा. सिमकार्डचं घ्यायचं तर फेऱ्या मोजणं जाईल, आणि रोज चार्ज करावं लागेल. कशासाठी हवंय?

मी लेकीकडे बघितलं. लेकीने माझ्याकडे.

"म्हणजे पोहायला जातातच ते," लेक म्हणाली. "तर पाण्यात चालेल असं. आणि जरा, म्हणजे काळजी नको म्हणून."

"कसली काळजी?" त्याने साधेपणाने विचारलं.

"लांब पळतात ना," मी म्हटलं. "उशीर होतो कधीकधी."

ह्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. पोरांना काठ सोडायला लावताना धरायचे तसा, घट्ट नाही पण सुटणार नाही असा.

"ह्या दोघींना राहू दे," हे दुकानदाराला म्हणाले. "हिने माझ्या चड्डीत नंबर शिवलाय. काल ती चड्डी उलटी करून त्या बाईला मीच दाखवला. लाँड्रीसाठी कुणी पोहायच्या चड्डीत नंबर शिवतं होय?" ते थांबले. शब्द हरवला असं मला वाटलं, पण शब्द त्यांच्यापाशी होता. "मी हरवतो, बाळा. काल माझ्या घरावरून दोनदा गेलो आणि ते मला माझं वाटलं नाही. फेऱ्या राहू देत. मी कुठे आहे ते हिला दिसेल, असं दे."