जमीन न लागणारे पाय

वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये तीसेक म्हातारी माणसं श्वास रोखून बसली होती. मधोमध खुर्चीवर आई, अनवाणी. देह ‘हलका’ करून जमिनीपासून सोडवू म्हणणाऱ्या हलकेगुरूंनी तिच्या तळव्यात सुई टोचली. रक्ताचा थेंब आला. आईची पापणीही हलली नाही.

“पाहिलंत? दूध-अंडं सोडून तीनच वर्षं झाली, आणि मातीचा धागा तुटला! आता हिला गेलेली माणसंही दिसतात.”

“काल हे आले होते,” आई शांतपणे म्हणाली. “पलंगाशी बसले. चष्मा शोधत होते.”

शेवटच्या रांगेत बसलेल्या तिच्या लेकीच्या अंगावर काटा आला. लेक रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला. भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. पण बाबा जिवंतपणी रोज चष्माच शोधायचे. आणि हल्ली आई दोन कप चहा करायची, एक रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायची.

आहार आईला मानवला होता. रक्तदाबही उतरला होता. पण गुरूंनी जीवनसत्त्वाच्या गोळ्यासुद्धा बंद केल्या. “कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडांचं असतं!” ते खरंच होतं, म्हणून सगळ्यांनी बाटल्या कचऱ्यात टाकल्या. बिनहाडांची गोळी मिळते का, हे कोणी विचारलंच नाही.

“हिच्या लेकीनंच रक्त तपासलंय,” गुरू म्हणाले. “हिमोग्लोबिन ठणठणीत!”

हेच लेकीला खात होतं. तिनं तेवढाच आकडा पाहून आईला ‘छान आहे’ म्हटलं होतं. दुसरी तपासणी करायचं तिला कालपरवा सुचलं. ती उठून पुढे आली.

“आई, उभी राहा. पाय जुळव. आता डोळे मिट.”

आई डोलली आणि कोसळली. लेकीनं तिला वरच्यावर झेललं.

“उडाली!” पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं.

“उडाली नाही, काकू, पडली. पाय कुठे आहेत हे तिला फक्त डोळ्यांनी कळतं. गुरुजी, तुम्ही बारा वर्षं याच आहारावर ना? द्या पाय, टोचून बघू.”

गुरूंनी पाय आखडला. “मला तुमच्यासाठी जमिनीवर राहावं लागतं.”

“दादा, तू रोज सकाळी ती बी-बाराची गोळी घेतोस की,” दारातून त्यांची बहीण भाबडेपणानं म्हणाली. “मीच तर देते.”

लेकीनं तपासणीचा कागद उघडला.

“बी-बारा किमान दोनशे हवं, आईचं चौऱ्याण्णव आहे. वनस्पतींतून ते जवळजवळ मिळतच नाही, आणि म्हातारपणी पोटही ते नीट शोषत नाही. मग नसांवरचं आवरण झिजतं, पाय बधिर होतात, मेंदूही फसवतो. पालेभाजीतल्या फोलेटनं हिमोग्लोबिन चांगलं दिसत राहतं, म्हणून मीही फसले. फार उशीर झाला, तर नसा पुरत्या भरून येत नाहीत.”

रांगेतले एक निवृत्त मास्तर हलक्या आवाजात म्हणाले, “माझ्याही पायांना मुंग्या येतात. मला वाटलं, माझाही धागा सुटतोय.”

त्यांनी हात वर केला. मग आणखी एकानं. लेकीनं मोजले. अकरा होते.

दुपारी दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन भरलं. आईनं बाही सरकवली आणि थांबली.

“हे घेतल्यावर ते यायचे थांबतील?”

खोटं बोलणं किती सोपं होतं. पण लेक म्हणाली, “बहुतेक थांबतील, आई.”

आई कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघत राहिली. स्टूल रिकामं होतं. तरी लेकीला तिकडे बघवेना.

“चष्मा खिशातच आहे हो तुमच्या,” आई म्हणाली आणि तिनं दंड पुढे केला.

महिन्याभरात तिच्या तळव्यांना फरशीचा गारवा कळू लागला. डाव्या पायाची दोन बोटं मात्र अजून मुकी आहेत. दूध-अंडं तिनं सोडलंय ते सोडलंयच. बिनहाडांची गोळी आता रोज घेते.

काय खायचं, काय सोडायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण घरातलं म्हातारं माणूस ‘पाय हलके झाले’ म्हणालं, तर हात जोडू नका. त्याचं रक्त तपासा, आणि त्याच आठवड्यात तपासा.