दहाचा आकडा

मुल्लाया खातूनचा आवाज सौदीतल्या सगळ्या कतीफ शहराला ठाऊक होता. मुल्लाया म्हणजे बायकांच्या शोकसभेत, मजलिसमध्ये, कथा सांगणारी; मुहर्रमला ती करबलेच्या संहाराची कथा सांगू लागली की बायका धाय मोकलून रडायच्या. स्वतः मात्र ती हाडं ठणकत असतानाही हूं की चूं करत नसे. सिकलसेल तिच्या रक्तात जन्मापासूनच होता, आणि तिच्या बहिणीची मुलगी फिद्दा हिच्याही.

त्या सकाळी खातूनने फिद्दाला दवाखान्यातल्या दुखणं उतरवायच्या खोलीत आणलं, तेव्हा पोरीचे ओठ पांढरेफटक पडले होते. सोळा वर्षांची पोर गुडघे पोटाशी घेऊन खाटेवर बोचक्यासारखी पडली. खातून तशी निर्धास्त होती. इथे आलं की सलाईन लागायचं, इंजेक्शन मिळायचं, आणि दुपारपर्यंत माणूस चहा मागायला लागायचं.

"दुखणं किती?" डॉक्टर विदादने विचारलं. "शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे मनात येऊ शकेल तेवढं सगळ्यात मोठं."

"चार," फिद्दा म्हणाली.

विदादने हातातल्या टॅबवर चारचा आकडा दाबला. "मग गोळ्या देते. घरी शेक द्या, भरपूर पाणी पाजा."

"आणि इंजेक्शन?" खातूनने विचारलं.

"ते आता सातच्या वर असेल तरच. नवा नियम आहे, मुल्लाया."

"कुणाच्या सुपीक डोक्यातून निघाला हा?"

विदाद दूरच्या जेद्दाहून आलेली, तरुण आणि कामाला वाघ. तिला खोटं बोलता येत नसे आणि त्या दिवशी तीच तिची पंचाईत झाली. "माझ्याच अभ्यासातून," ती म्हणाली. "दोन वर्षं मी इथे येणाऱ्या प्रत्येकीला विचारतेय. बहुतेक जणी तीन नाहीतर चार सांगतात. पुस्तकातही तेच लिहिलंय. तुमच्या भागातला सिकलसेल सौम्य असतो."

खातूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सौम्य? या पोरीची आई याच आजाराने गेली. ती काय सौम्य मेली का गं?"

"आकडे मी माझ्या पदरचे घातले नाहीत. तुम्हीच सगळ्यांनी सांगितलेत. मुल्लाया, मागच्या हिवाळ्यात तुम्हीसुद्धा चारच म्हणाला होतात."

ते खरं होतं. तेव्हा खांदा कुणी उपटून काढावा तसा दुखत होता आणि तरी खातूनच्या तोंडून चारच निघालं होतं. ती फिद्दाकडे वळली. "तू चार का म्हणालीस गं?"

"मग काय सांगू, खाला?" पोर दात आवळून म्हणाली. "दहा तर सय्यिदा झैनबचं. करबलेत तिच्या डोळ्यांदेखत भाऊ गेला, पोरं गेली. माझी काय, नुसती हाडं दुखतायत. तूच सांगतेस ना मजलिसमध्ये, करबलेपुढे आपलं दुःख ते काय?"

खातूनला चटका बसला. पण हळहळत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने टॅबवर बोट आपटलं.

"ऐकलंस, डॉक्टरीणबाई? मनात येईल तेवढं मोठं दुखणं, म्हणे! आमच्या मनात काय येतं, हे कधी विचारलंस? इथल्या प्रत्येकीच्या मनात करबला आहे. दहाचा आकडा आम्ही केव्हाच तिथे देऊन टाकलाय. त्याला आम्ही हात लावत नाही."

विदादचा चेहरा उतरला. "मग मी ओळखायचं तरी कसं?"

"मनात काय येतं ते सोड. काय करता येत नाही ते विचार."

विदाद खाटेशी वाकली. "फिद्दा, काय करता येत नाहीये तुला?"

पोरीने हात उचलून पाहिला, तो अर्ध्यातच खाली आला. मग म्हणाली, "हात छातीपर्यंत येत नाही. मुहर्रममध्ये सगळ्या जणी छाती पिटत होत्या. मी मांडीवरच बोटं आपटत होते. कुणाला दिसू नये म्हणून मागे जाऊन बसायचे."

खातूनने तिला मागे बसलेली पाहिलं होतं. आजकालच्या पोरींना मोबाइलपलीकडे काही सुचत नाही, असं तिला वाटलं होतं. आता तिने पोरीची बोटं आपल्या मुठीत घेतली.

विदादने इंजेक्शन भरायला सांगितलं.

"पण चारच आहे ना?" नर्स म्हणाली. "नियम आहे."

"नियम माझ्यामुळेच आलाय. मीच मोडते."

औषध अंगात उतरलं तशी फिद्दाने पाय लांब केले. विदाद मात्र कपाळाला हात लावून बसली. तिचा अहवाल वर गेला होता. शुक्रवारनंतर आसपासच्या सगळ्या दवाखान्यांत हाच नियम लागणार होता. "एका पोरीच्या बोलण्यावर तो कुणी मागे घेणार नाही," ती म्हणाली.

"एकीच्या ना?" खातून म्हणाली. "उद्या माझ्या मजलिसला ये. टॅब घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. खातून उंच खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "आज मी रडवणार नाही."

"मग आम्ही एवढे रुमाल कशाला आणलेत?" पुढची एक म्हातारी कुरकुरली.

"झैनबला कैद करून, ज्याने तिचा भाऊ मारवला त्या यझीदच्याच दरबारात उभं केलं. तेव्हा ती काय म्हणाली? 'चालतंय हो, थोडंसंच दुखतंय' असं म्हणाली?"

बायका हसल्या.

"भर दरबारात तिने त्याच्या तोंडावर सुनावलं! आणि तिचं नाव घेणाऱ्या आपण दवाखान्यात जाऊन चार, चार करतो. तिचा मान राखायचाय ना? मग तोंड उघडा. हा आजार असून ज्यांनी ज्यांनी तीन-चार सांगितलं, त्यांनी हात वर करा."

एक हात वर आला, मग दुसरा, मग रांगाच्या रांगा. भिंतीपाशी उभी राहून विदाद मोजू लागली. पण मधेच तिची बोटं थांबली. त्यातले कितीतरी हात खांद्याच्या वर जातच नव्हते. कुणी डाव्या हाताने उजवा हात उचलून धरला होता. मागच्या रांगेत फिद्दाचा हात कोपराशीच अडला होता. खातूनने आपलाही हात उचलला. तो कानापर्यंतसुद्धा पोचला नाही.

तिने तो तसाच धरून ठेवला आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून विदादकडे पाहिलं.

"दिसलं?" ती म्हणाली. "आता म्हण सौम्य."