चार फूट चार

जिन्याखालच्या अंधारात गुडघ्यांवर बसून पेटीवाल्याने शेवटचा गंजका खिळा पकडीत धरला, एक पाय भिंतीला टेकवला आणि जोर लावून ओढला. खिळा निघाला, त्याच्याबरोबर मूठभर गिलावा निघाला आणि पेटीवाला पाठीवर आडवा झाला. वरून कोणीतरी जिना उतरत होतं. ते मधेच थांबलं.

"जिवंत आहेस ना रे?" वरच्या काकूंनी विचारलं.

"आहे, काकू."

"मग जरा हळू. जिना माझा आहे तो."

घरच काकूंचं होतं. त्या वर राहत आणि खालची एक खोली त्यांनी पेटीवाल्याला भाड्याने दिली होती. जिन्याच्या पोटातला तिरका कोनाडा त्या खोलीत उघडायचा. आधीच्या तीन भाडेकरूंनी त्यात टाकवतही नाही आणि ठेववतही नाही असं सगळं कोंबलं होतं: सायकलचं हँडल, बूड गेलेली बादली, कपाट नसलेली कपाटाची दोन दारं. ते बाहेर काढता काढता त्याच्या दोन संध्याकाळी गेल्या. रिकामा झाल्यावर कोनाडा साडेसहा फूट लांब आणि तीन फूट रुंद निघाला. एका टोकाला माणूस मान वाकवून उभा राहील एवढी उंची, दुसऱ्या टोकाला फार तर मांजर बसेल एवढी. पेटीवाल्याने बॅटरी मारून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि त्याला तिथे मुंगी झोपलेली दिसली.

मुंगी म्हणजे त्याची मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती, आणि पुढे साखरेचा डबा कुठेही लपवला तरी तिला बरोबर सापडायचा, म्हणून ती मुंगी. आता ती दहा वर्षांची होती आणि आईकडे राहत होती. नवराबायकोचं भांडण संपलं ते घर मोडूनच. त्यानंतर पेटीवाला लांबच्या बंदरावर कामाला गेला आणि जवळजवळ दोन वर्षांनी परतला. तेव्हापासून एक रविवार सोडून एक रविवार, दोन तास, वाचनालयाच्या आवारातलं कँटीन. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मुंगी, मध्ये सरबताचे दोन ग्लास. ग्लास संपेपर्यंत ती शाळेतलं सांगायची, मग हळूच खिडकीबाहेर बघायची, आईची स्कूटर आली का म्हणून. मुलगी अगदी शहाण्यासारखी वागायची. त्याचाच पेटीवाल्याला त्रास व्हायचा. दोन तासांत कोणाला रुसताही येत नाही, आणि जे मूल आपल्यावर रुसत नाही ते पाहुणं असतं, असं त्याचं मत झालं होतं.

शेवटी त्याने धीर करून तिच्या आईला फोन केला. मुंगीला एका शनिवारी माझ्याकडे राहायला पाठवशील का, असं विचारलं.

"एक रात्र राहू दे," आई म्हणाली. "तिथे तिला नीट झोप लागली तर दर शनिवारी पाठवीन. नाही लागली तर आहे तसंच चालू राहू दे. पण तुझ्या त्या एका खोलीत ती झोपणार कुठे?"

"तिची वेगळी जागा असेल."

"कुठे?"

"असेल म्हटलं ना."

"बरं. रविवारी सकाळी दहाला मी येईन आणि तिलाच विचारीन. तिला खोटं बोलता येत नाही, तुला माहीतच आहे."

"तिला सांगितलंस हे?"

"ती इथेच बसली आहे."

आता जागा तयार करणं भाग होतं, आणि तेवढं मात्र पेटीवाल्याच्या हातातलं होतं. यंत्रं परगावी पाठवायची तर त्यांच्या मापाच्या लाकडी पेट्या लागतात. बावीस वर्षं तो त्या करत आला होता. नवी पोरं हाताखाली आली की तो त्यांना पहिल्याच दिवशी दोन गोष्टी सांगायचा. सैल बसलेली वस्तू वाटेत फुटते, ही एक. कागदावर लिहून आलेलं माप कधी धरायचं नाही, स्वतः उठून टेप लावायची, ही दुसरी. दुसरी गोष्ट तो इतक्यांदा सांगायचा की पोरं त्याच्या माघारी कमरेवर हात ठेवून त्याची नक्कल करायची.

त्याच्या खिशातल्या वहीत एका पानावर लिहिलेलं होतं: मुंगी, चार फूट एक. घर सोडलं त्या सकाळी त्याने तिला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं होतं. ते पान त्याने बंदरावर कितीतरी वेळा उघडून पाहिलं होतं. आता ते समोर ठेवून त्याने हिशेब केला. मधल्या काळात वाढली असेल, म्हणून एक इंच. दोन्ही टोकांना हालचालीला एकेक इंच. चार फूट चार. आपण बरेच सढळ झालो असं त्याला वाटलं. उरलेल्या दोन फुटांत, जिथे कोनाडा बुटका होत जातो तिथे, त्याने पुस्तकांचं कपाट करायचं ठरवलं, कारण घरी आपली पुस्तकं पलंगाखाली खोक्यात असतात असं मुंगी एकदा म्हणाली होती. बिछाना आणि कपाट यांच्यामध्ये एक आडवी फळी बसवली की झालं.

लाकूड कारखान्यातल्या टाकाऊ फळ्यांचं, गादी यंत्रांभोवती भरतात त्या फोमची. भंगारवाल्याकडचा छोटा दिवा त्याने घासूनपुसून चालू केला. निळा रंग अर्ध्या भिंतीतच संपला, म्हणून पुढे पिवळा लावला, आणि कोणी विचारलंच तर मुद्दाम केलं म्हणून सांगायचं असंही ठरवून टाकलं. काकूंनी एक जुना जाड पडदा दिला. त्याचा निम्मा भाग दाराला आला आणि निम्म्याची गादीची खोळ झाली. सगळं झाल्यावर काकू काठी टेकत पाहायला आल्या, आत डोकावल्या आणि बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

"लहानपणी मला असं काही मिळालं असतं ना," त्या म्हणाल्या, "तर मी लग्नच केलं नसतं."

शनिवारी दुपारी चारला आई मुंगीला फाटकाशी सोडून गेली. पेटीवाल्याने सकाळपासून तीनदा दाढी चाचपून पाहिली होती. त्याने पडदा बाजूला धरला. मुंगीने पाठीवरची पिशवी काढली, वाकली आणि आत शिरली. पडदा धरलेला त्याचा हात अवघडला, तरी त्याने तो खाली घेतला नाही.

"बाबा," आतून आवाज आला, "ही फळी उलटी लागली आहे."

"कुठली?"

"पायाकडची. हिच्यावर बाण आहे, ही बाजू वर असं लिहिलंय, आणि बाण जमिनीकडे. म्हणजे मी डोकं खाली करून झोपायचं का?"

पेटीवाल्याने आत डोकावून पाहिलं. खरंच फळी उलटी होती. बावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं, असं तो सांगू लागला, पण मुंगी इतकी हसत होती की ते त्यालाही ऐकू आलं नाही.

संध्याकाळपर्यंत ती बाहेर आलीच नाही. पुस्तकं कपाटात लागली. मग तिला कळलं की जिन्यावरून जाणाऱ्याचं पाऊल आत थेट डोक्यावर वाजतं, आणि तिने पायांवरून माणसं ओळखायला सुरुवात केली. काकू सोप्या होत्या, दोन पाय आणि एक काठी. काकूंचा भाचा दोन दोन पायऱ्या चढायचा. पेटीवाला मुद्दाम बाहेर जाऊन लंगडत जिना चढून आला.

"हा बाबा आहे आणि नाटक करतोय," ती आतून ओरडली.

जेवणात तिला भातातला कांदा नको होता. तो वेचून काढून देतो म्हणाला तरी तिने तोंड फिरवलं आणि ताट सरकवलं. पेटीवाला कांदा वेचत बसला आणि त्याला आतून इतकं बरं वाटत होतं की ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने मान वर केली नाही. पोरगी रुसली होती.

जेवण झाल्यावर ती पुस्तक घेऊन आडवी झाली, गुडघे उभे करून, पुस्तक मांडीवर टेकवून.

"पाय पसर की आरामात."

"मला असंच आवडतं."

नऊला दिवा मालवला. पेटीवाल्याला स्वतःला मात्र आनंदाने झोप लवकर आली नाही.

सकाळी दूध तापायला ठेवून तो पडद्यापाशी आला. पडदा वीतभर सरकलेला होता. पहिल्यांदा त्याला उशी दिसली. ती डोक्याखाली नव्हती, बाजूच्या भिंतीला उभी करून ठेवली होती. मुंगीचं डोकं नुसत्या गादीवर, टाळू डोक्याकडच्या भिंतीला टेकलेली. मग त्याने खाली पाहिलं. गुडघे वाकलेलेच होते, आणि तरी दोन्ही तळवे पायाकडच्या फळीला सपाट लागले होते, त्या उलट्या बाणाच्या दोन बाजूंना. तिचे डोळे उघडे होते. त्याला पाहताच तिने ते मिटून घेतले.

पेटीवाला परत शेगडीशी जाऊन उभा राहिला. दूध वर आलं, उतू गेलं, शेगडीवर पसरलं, तरी तो नुसता बघत राहिला. कँटीनमध्ये त्याने तिचा चेहरा पाहिला होता, नवा आलेला दात पाहिला होता, कानामागचा तीळ जागेवर आहे की नाही तेही पाहिलं होतं. पण बसलेल्या माणसाची उंची दिसत नाही. आणि काल ती दारात उभी होती तेव्हा तो तिच्याकडे नाही, पडद्याकडे बघत होता. पोरांना इतकी वर्षं जे सांगत आलो ते स्वतःच्या लेकीच्या वेळी विसरलो, याची त्याला इतकी शरम वाटली की कानशिलं गरम झाली.

"मुंगे," त्याने हाक मारली. "ऊठ. इकडे ये जरा."

ती डोळे चोळत आली, फार वेळ झोपून उठल्यासारखी. नाटक तिलाही जमत होतं, बापासारखंच वाईट.

"उभी राहा चौकटीला."

"कशाला?"

"मोजायचं आहे."

मुंगीने घड्याळाकडे पाहिलं. आई यायला अडीच तास होते. ती हळूहळू चौकटीपाशी गेली, पाठ टेकवली आणि समोर बघत उभी राहिली. पेटीवाल्याने तिच्या डोक्यावर पट्टी आडवी धरली, कानावरची पेन्सिल काढली आणि खूण करणार तेवढ्यात थांबला. तिचा झोपेचा पायजमा सैल होता, पण डोळ्यांना मापाची सवय असलेल्या माणसापासून असं काही लपत नाही. तिने गुडघे वाकवले होते. थोडेसेच. मांड्या थरथरत होत्या.

"गुडघे सरळ कर."

"सरळच आहेत."

"मुंगे."

तिने खालचा ओठ चावला. "सरळ केले तर मी मावणार नाही ना तिथे. मग आई विचारेल, आणि मग पुन्हा कँटीन."

पेटीवाल्याने पट्टी खाली घेतली. तो तिच्यासमोर खाली बसला, म्हणजे आता ती त्याच्यापेक्षा उंच झाली, आणि त्याने तिच्या दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले.

"अगं, पेटी लहान झाली तर पेटी मोडतात," तो म्हणाला. "यंत्राचे पाय कापत नाहीत. माझं चुकलं. तू सरळ उभी राहा. होशील तेवढी हो."

ती हळूहळू सरळ झाली. त्याने उभं राहून पट्टी पुन्हा धरली आणि खूण केली. चार फूट साडेसहा. वहीतलं जुनं पान त्याने उघडलं नाही. चौकटीवरच आकडा लिहिला आणि खाली तारीख घातली.

मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि दोघं कामाला लागली. पुस्तकं बाहेर काढून खोलीत मांडली, ती त्याच्या पलंगाच्या निम्म्या भागावर पसरली. स्क्रू एकेक करून मुंगीच्या मुठीत गेले. आधी कपाटाचे कप्पे निघाले, मग फळी निघाली तेव्हा मागे दोन फूट जागा तशीच होती, बुटकी, पण पाय जायला भरपूर. फोमचा उरलेला तुकडा तिथे बसवेपर्यंत साडेनऊ वाजले. कांद्यावरून झालेलं भांडण अजून मिटलं नव्हतं, ते पाव आणि उतू जाऊन उरलेल्या दुधावर मिटलं.

दहाला आई आली. खोलीभर पुस्तकं, भुसा, दाराशी उभी केलेली फळी. ती त्यातून पाय उचलत आत आली. चौकटीवरच्या ताज्या खुणेपाशी थांबली, आकडा वाचला, तारीख वाचली. मग वाकून तिने पडदा बाजूला केला. मुंगी आत उताणी पडली होती, डोक्याखाली उशी, पाय पूर्ण लांब पसरलेले.

पेटीवाला फळी हातात घेऊन उभा होता.

"काय गं, झोप लागली का रात्री?" आईने विचारलं.

मुंगीने बाबाकडे पाहिलं नाही.

"नाही लागली," ती म्हणाली. "पुढच्या शनिवारी लागेल."