बंद फळ्यांचा फोटो

चेन्नईत ट्रिप्लिकेनच्या आमच्या कोपऱ्यावर लंडन-सिंगापूरहून माणसं येतात आणि दुकानदाराला हात जोडून म्हणतात, जरा शटर खाली ओढता का, फोटो काढायचाय. ऐन धंद्याच्या वेळी! कारण १९८४ साली कॉलेजच्या चार पोरांनी गाण्यांची एक रेकॉर्ड काढली, आणि तिच्या कव्हरवर ते चौघं आमच्या काफीपुडीच्या, म्हणजे कॉफी पावडरच्या, दुकानाच्या बंद फळ्यांना टेकून उभे आहेत. रेकॉर्ड गाजली. पोरं परदेशी गेली, टक्कल पडून आजोबा झाली. आमच्या फळ्या मात्र अमर झाल्या.

दुकान माझ्या वडिलांचं, तंजावरच्या मराठी घरातल्या दत्ताजीरावांचं. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. कुणाच्या पुडीत चिकोरी किती घालायची हे त्यांना पाठ होतं, आणि कुणी जास्त मागितली तर ते सरळ म्हणायचे, "मग चिकोरीच पी की!" बिया भाजायला घेतल्या की वास पार देवळाच्या तळ्यापर्यंत जायचा. अप्पा गेले ते नव्व्याण्णव साली. नंतर तिथे एसटीडी बूथ आला, मग सीडीचं दुकान, मग मोबाईल रिचार्ज, मग डोशाचं ओलं पीठ. दर वेळी पाटी उतरली की मी मोकळ्या दुकानात जाऊन उभी राहायची. एकदा तर भिंतीला नाक लावून वास घेतला. एवढी गणिताची मास्तरीण, पण करते काय! चुन्याशिवाय कसला वास येणार?

त्यामुळे यंदा हरिणी नावाची मुलगी तिथे काफीचंच दुकान काढणार म्हटल्यावर मी हरखले. उद्घाटनाला राजसाअत्याला घेऊन गेले. अत्या म्हणजे अप्पांची धाकटी बहीण, ती त्यांना अण्णा म्हणायची. वय अठ्ठ्याऐंशी, जन्म तंजावरात गेला, दोन वर्षांपासून नातवाकडे चेन्नईत असते. या कोपऱ्यावर ती एकेचाळीस वर्षांनी पाऊल ठेवत होती.

आत भिंतभर तो फोटो, आणि खाली ठळक तमिळमध्ये लिहिलेलं: "त्या दिवशी मालक वडिलांच्या श्राद्धाचा दिवस चुकले, उगाच दुकान बंद राहिलं, म्हणून हा फोटो झाला!" माझ्या भावाने, वेंकटने, हा किस्सा हरिणीला हसत हसत सांगितला होता. लोक वाचत होते आणि हसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

राग वेंकटचा नव्हता. तो दिवस चुकवला होता मी.

त्या वर्षी तंजावरहून पंचांग आलंच नव्हतं. अप्पांचे दोन्ही हात बियांमध्ये. त्यांनी विचारलं, "संयुक्ता, श्रावण शुद्ध दशमी कधी ग?" मी वीस वर्षांची, कॉलेजात गणित शिकणारी, शहाणी! भिंतीवरचं तमिळ कॅलेंडर पाहिलं. शेजारणी श्रावणाला आवणी म्हणतात, म्हणून आवणीतली दशमी काढून दिली. आमचा महिना चंद्रावर चालतो आणि तमिळांचा सूर्यावर, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. श्राद्ध झालं. दोन दिवसांनी अत्या तंजावरहून आली, तेव्हा कळलं की खरा दिवस महिन्यापूर्वीच उलटून गेला होता.

"बाप महिनाभर उपाशी दाराशी उभा होता," अत्या कडाडली. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीच चुकलो." अत्या म्हणाली, ज्याला बापाचा दिवस ठाऊक नाही त्याच्या घरचं पाणी मला नको. तशीच उठून गेली. पुढे अप्पांनी किती पत्रं लिहिली! एकाचंही उत्तर आलं नाही. ते गेले तेव्हा वेंकटने फोन केला, ती आली नाही. पंधरा वर्षांत मला अत्यापाशी तोंड उघडायला एक दिवस सापडला नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अप्पाच गेले.

आणि आता ते भिंतीवर. कायमचे. हसण्यावारी.

मी हरिणीला हाक मारली. सगळ्यांसमोर, आधी तमिळमध्ये आणि मग अत्याला नीट कळावं म्हणून आमच्या तंजावरी मराठीत, सांगून टाकलं. "ते खोटं आहे. दिवस मी चुकवला. अप्पांनी माझ्यावर पांघरूण घातलं. अत्या, त्यांची काही चूक नव्हती."

हरिणी बिचारी गोंधळली. इकडे मोठ्या बाईला म्हणतात तसं म्हणाली, "मामी, पुसून टाकते. तुमचं नाव लिहू का?"

"लिही," मी म्हटलं.

अत्या खुर्चीत बसून होती. मला वाटलं, आता हिची जीभ माझ्यावर सुटणार. सुटली असती तर बरं झालं असतं. ती नुसती त्या फोटोकडे बघत राहिली. मग तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"चाळीस वर्षं तुला सांगाव वाटल नाही?"

"वाटत होतं, अत्या. धीर नाही झाला."

"अण्णाला तरी सांगायच होत की, राजसाला खर लिहा म्हणून."

"मी एकदा म्हटलं होतं. ते म्हणाले, पोरीला कशाला बोल? राजसा माझीच बहीण, आज ना उद्या येईल."

सोबत आलेल्या अत्याच्या नातवाने पुढे होऊन पाण्याचा पेला धरला, तो तिने हाताने दूर केला. मग तिने मला जवळ ओढलं आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली,

"बापाचा दिवस चुकला म्हणून मी त्याला तोडल. आणि अण्णाचा दिवस कुठला, ते मला ठाऊकच नाही ग. कधी असतो तो?"