पक्ष्याची राखण

त्या रविवारी पोपटलालांनी दुकानाचं शटर पाऊण वाजताच खाली ओढलं. नारायणगावच्या पेठेत त्यांचं भांड्यांचं दुकान. दुपारी ते बंद व्हायचं एकच्या ठोक्याला, आणि ही शिस्त त्यांनी तीस वर्षं पाळली होती. पण राखी पुण्याहून आली होती. दुकानाच्या वरच घर. जिन्यातून तिचा आवाज खाली यायला लागला की त्यांचं गिऱ्हाइकाकडे लक्ष लागत नसे.

जेवणं झाली. पोपटलालांनी नेहमीसारखं ताटात पाणी घातलं, बोट फिरवलं आणि ते पिऊन टाकलं. अन्नाचा कण ताटात राहायला नको, त्यात जीव पडायला नकोत, हा जैनांच्या घरचा जुना नेम. मग पंच्याला हात पुसत ते म्हणाले, "मग राखूबाई, बसायचं राखणीला?"

राखीने घड्याळ पाहिलं. सव्वा वाजला होता. अडीचची नाशिक-पुणे गाडी सकाळपासून तिच्या मनात उभी होती. पुण्यात तिची कुणी वाट बघत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयातली नोकरी थेट सोमवारी साडेदहाला. पण अडीचच्या गाडीला खिडकी मिळते, उजेड असतानाच खोलीवर पोचता येतं, अर्धं राहिलेलं पुस्तक संपवता येतं. एवढंच कारण होतं.

"बसू की," ती म्हणाली. "पण एकच डाव हं, पप्पा."

"एक तर एक. आता तोच लांबला तर माझा काय दोष?"

"लांबवायलाच बसतात ते," गुलाबबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "अडीचची चुकवून तुला साडेचारच्या गाडीत घालायचा बेत आहे. मला सकाळीच सांगितलाय."

"फितूर," पोपटलाल म्हणाले, आणि टीव्हीखालचा खोका काढायला वाकले.

हा टीव्ही गेम घरात आला चौऱ्याण्णव साली. राखीच्या थोरल्या भावाने, जिनेशने, हट्ट करून घ्यायला लावला. दोन महिने खेळला आणि अकरावीला पुण्याच्या वसतिगृहात निघून गेला. तेरा वर्षांच्या राखीकडे दोन रिमोट राहिले आणि जोडीला कुणी नाही. गुलाबबाईंनी एकदा रिमोट हातात घेतला, खराब निघालेल्या किसणीसारखा उलटासुलटा करून पाहिला आणि परत दिला. शेवटी पोपटलालच बसले. सुट्टीतल्या दुपारी पोरगी एकटी टीव्हीशी भांडते, हे त्यांना बघवत नव्हतं.

पण पोपटलालांना जोडीला घ्यायचं म्हणजे गेम निवडण्यापासून तयारी. कॅसेटवर नव्याण्णव गेम छापलेले होते. खरे निघाले अकरा, बाकी सगळे तेच पुन्हा. पहिला होता बदकं मारायचा. त्याची प्लॅस्टिकची बंदूक पोपटलालांनी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकली.

"खोटी बदकं आहेत ती, पप्पा."

"बदक खोटं गं, पण मारायची इच्छा तर खरी ना? पिठाचा कोंबडा करून कापला तरी दोष लागतो."

मग मारामारीचा गेम लावला. तो त्यांनी रिमोट न उचलताच नाकारला. "बापाने लेकीला लाथ घालायची? खाली गिऱ्हाइकं उभी आहेत." मोटारींच्या शर्यतीत ते चुकून पुढे गेले की गाडी थांबवून तिची वाट बघायचे. अशाने दोघंही हरतो, असं राखीने सांगितलं, तर म्हणाले, "तुला मागे टाकून जिंकलो तर घरी येऊन कुणाला सांगू?" उड्या मारायच्या गेममध्ये त्यांचा माणूस पहिल्याच खड्ड्यात पडायचा, दर वेळी त्याच. चौथ्यांदा पडल्यावर त्यांनी रिमोट खाली ठेवला. "उगाच दमवतोय त्या बिचाऱ्याला."

राखी आठवडाभर एकेक गेम तपासत बसली. दोघांना एका बाजूने खेळता आलं पाहिजे. त्यांना पळायला, उडायला लागता कामा नये. आणि त्यांच्या हातून कुणी मरायला नको. सहामाहीच्या परीक्षेलाही तिने एवढा अभ्यास केला नव्हता.

शेवटी सापडला तो रणगाड्यांचा. वरून शत्रूचे रणगाडे उतरायचे. खाली, मधोमध, विटांच्या कुंपणात एक पक्षी बसलेला असायचा. त्याला गोळी लागली की डाव संपला, मग तुमचे किती का रणगाडे शिल्लक असोत.

"या गाड्यांत कोण बसलंय?" पोपटलालांनी विचारलं.

"कुणी नाही. रिकाम्या आहेत."

"आणि या पाखराला वाचवायचं?"

"दोघांनी मिळून."

पोपटलालांनी मांडी घातली. "हे चालेल."

बारा वर्षांत त्यांनी गोळीचं बटण एकदाही दाबलं नाही. गोळ्या राखीने मारायच्या. ते आपला रणगाडा कुंपणाला चिकटवून उभा करायचे आणि येणारा मार अंगावर घ्यायचे. तो फुटला की दुसरा मिळे, तो पुन्हा त्याच जागी. खरं म्हणजे असा जोडीदार फार कामाचा होता, आणि हे राखीला कुणी शिकवलं नव्हतं, खेळता खेळता कळलं. जो रणगाडा चार गोळ्या खाल्ल्याशिवाय फुटायचा नाही, त्याचं नाव त्यांनी हौशीराम ठेवलं होतं. खोडदचा हा हौशीराम त्यांचं जुनं गिऱ्हाईक. चार वेळा भाव केल्याशिवाय साधा तांब्या उचलायचा नाही. "राखू, हौशीराम आला बघ डावीकडनं. सांग त्याला, एकच भाव."

आणि पक्षी गेला तर? तर पोपटलाल दुसऱ्या दिवशी चहात साखर घ्यायचे नाहीत. राखणदार मी होतो, म्हणायचे. गुलाबबाई हसायच्या, राखीही हसायची. बिनसाखरेचा चहा ते गंभीरपणे प्यायचे.

राखी मोठी झाली, पुण्यात शिकली, तिथेच नोकरीला लागली. गेमच्या वायरींवर चिकटपट्टीचे वेटोळे चढले. महिन्यातून एका रविवारी ती यायची आणि हा डाव व्हायचा. तिला त्यात आता गंमत वाटत नव्हती. त्यांना वाटते म्हणून ती बसायची. अठराव्या पायरीच्या पुढे ते कधी गेले नव्हते.

त्या रविवारी मात्र गेले. एकोणिसाव्या पायरीचा आकडा पडद्यावर आला तेव्हा पोपटलाल गुडघ्यांवर उठून बसले. "अगं, ऐकलंस का? एकोणीस," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले. "आज काही खरं नाही."

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. आता लाइट गेली तर बरं, असं राखीच्या मनात आलं. एरवी रोज दुपारी जाणारी लाइट त्या दिवशी जाईना. थांबू या म्हटलं असतं तर ते लगेच थांबले असते. पण त्यांचा चेहरा बघून तिला तसं म्हणवेना, आणि त्यांचा चेहरा बघूनही तिला थांबवेना.

पोपटलालांचे डोळे पडद्याच्या वरच्या टोकाला होते, जिथून रणगाडे उतरतात. राखीने आपला रणगाडा खाली आणला, कुंपणाच्या डाव्या बाजूला वळवला आणि दोन गोळ्या मारल्या. पहिलीने वीट गेली, दुसरीने पक्षी.

पडद्यावर डाव संपल्याची अक्षरं आली. पोपटलाल बघत राहिले.

"पप्पा, लक्ष कुठं होतं तुमचं?" ती म्हणाली.

"इथंच होतो की मी."

"मग पक्षी कसा गेला?"

त्यांनी रिमोटकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. "माझा डोळा लागला असेल," ते हळूच म्हणाले. "हल्ली दुकानातही लागतो."

राखी बॅगेची चेन लावायला उठली. स्टँडपर्यंत पोपटलाल तिची बॅग घेऊन आले. एरवी वाटेत प्रत्येक दुकानदाराला "लेक आलीय" म्हणून सांगायचे. त्या दिवशी गप्प होते. तिला खिडकी मिळाली.

सोमवारी सकाळी अकराला त्यांचा फोन आला.

"पोचलीस ना नीट? राखू, कालचं माझं चुकलं गं. एकोणिसावर आणून घालवलं मी. पुढच्या वेळी जागा राहीन."

तेव्हा सांगता आलं असतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण समोर शिपाई पुस्तकांचा गठ्ठा घेऊन उभा होता, आणि फोनवर एवढ्याशा गोष्टीची कबुली देणं तिला बालिश वाटलं. ती म्हणाली, "असू द्या हो पप्पा. त्यात काय एवढं."

आपल्याच चुकीसाठी तिने त्यांना माफ केलं होतं. पुढे कित्येक दिवस तिला आपल्या करणीपेक्षा हे वाक्य जास्त छळत राहिलं.

दुपारी चार वाजता पिंपळवंडीच्या एका बाईला दाखवायला हंडा काढताना पोपटलाल खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. राखी पोचली तेव्हा त्यांना वर आणून ठेवलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती. लेकीला बघून ती पहिलं बोलली ते हे, की आज त्यांनी उपवास धरला होता. सकाळपासून उकळलेल्या पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"कशाचा उपवास?" जिनेशने विचारलं. "आज तर काही तिथी नाही."

"पाखराचा," गुलाबबाई म्हणाल्या. "म्हणाले, साखर सोडून भागायचं नाही. या वेळी मी झोपलो होतो."

डॉक्टरांनी जिनेशला बाजूला घेऊन सांगितलं, हृदय आधीपासूनच थकलेलं होतं, उपवासाचा काही संबंध नाही. राखीने ते ऐकलं. तिने त्यावर विश्वास ठेवला, आणि तासाभराने ठेवला नाही, आणि पुन्हा ठेवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जैन स्थानकात उठावण्याची शोकसभा झाली. दुपारी भेटायला येणाऱ्यांची रीघ. खोडदहून हौशीराम आला, त्याची बायको सोनीबाई आली. हौशीराम टोपी काढून मांडीवर ठेवून बसला.

"शेट लई साधा माणूस व्हता," तो म्हणाला. "म्या चार चार बार भाव करायचो, पर कदी चिडला न्हाई. उलट हसायचा. मला कळायचं न्हाई का हसतोय."

राखीने मान खाली घातली. तिला हसू आलं.

गुलाबबाईंनी मग सांगायला घेतलं. तीन दिवसांत त्या हे दहा वेळा तरी बोलल्या असतील, आणि सांगताना त्यांचा आवाज स्थिर व्हायचा, म्हणून राखी प्रत्येक वेळी ऐकून घ्यायची. लेकीबरोबर टीव्हीतला खेळ खेळले. त्यांच्यावर पाखराची राखण होती. पाखरू गेलं. खोटंच होतं, पण माणसाने दुसऱ्या दिवशी खरा उपवास धरला.

"व्रतात गेलं म्हंजी," सोनीबाई म्हणाली. "देवमाणूस."

"व्हय," हौशीराम म्हणाला.

"पण थकले होते हो," गुलाबबाई म्हणाल्या. हे मात्र नवीन होतं. "आम्हालाच कळलं नाही. राखणीला बसलेला माणूस, आणि बसल्या बसल्या डोळा लागला. यांचा! आधी असं कधी झालं नसतं. मी म्हणते, तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं आपण. तेव्हाच डॉक्टरकडे न्यायला पाहिजे होतं. मी आपली भांडी घासत होते."

त्या रडल्या नाहीत, नुसत्या पदराची कड बोटांनी चाचपत राहिल्या. सोनीबाईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

राखीने आईकडे पाहिलं. हे तीन दिवस तिला वाटत होतं की गप्प राहिलं तर आईजवळ व्रताचं समाधान तरी राहील. आता त्या समाधानाच्या आत आईने स्वतःसाठी एक दोष शोधून ठेवला होता. आणि पप्पांचं काय? बारा वर्षं जागचा न हललेला माणूस, आणि खोडदपर्यंत गोष्ट जाणार ती त्यांना डोळा लागल्याची.

ती उठून आईच्या समोर जाऊन बसली. हौशीराम होता, सोनीबाई होती, दारात आणखी दोघंजण चपला काढत होते. ते जाईपर्यंत थांबावं असं तिला एकदा वाटलं. मग वाटलं, पुढच्या वेळी, मग, नंतर, हे तिने फोनवर करून पाहिलंच आहे.

"मम्मी," ती म्हणाली. आवाज बसला होता, म्हणून तिने पुन्हा हाक मारली. "मम्मी, पप्पांचा डोळा लागला नव्हता. ते जागे होते, जागच्या जागी होते, वर बघत होते. मला अडीचची गाडी गाठायची होती. मी मागून गोळी घातली. पक्षी मी मारला."